कुलचिन्हांतील प्राणी : पूजा, नाते आणि पुरावा

मानव आणि पशुपक्षी यांच्या संबंधांचा अभ्यास करताना ‘टोटेम’ हा शब्द वारंवार वाचनात येतो. मराठीत त्याला कुलचिन्ह किंवा कुलप्रतीक म्हणतात. अलीकडे मात्र या शब्दाला भलतेच वळण लागले आहे. चार प्रश्नांची उत्तरे द्या आणि आपला ‘टोटेम प्राणी’ गरुड की लांडगा ते जाणून घ्या, असे खेळ मुले मोबाइलवर खेळतात. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याला असा वाघ मिळाला, तो दिवसभर ऐटीत होता. त्याच्या शेजारच्या मुलाच्या वाट्याला कासव आले, तो रुसला. त्या दोघांची समजूत घालण्याच्या निमित्ताने जे वाचले आणि सांगितले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

हा शब्द मूळचा उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांचा. सुपीरियर सरोवराच्या परिसरात राहणाऱ्या या लोकांच्या भाषेत ‘डूडेम’ म्हणजे कूळ, भाऊबंदकी. जॉन लाँग नावाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने १७९१ साली आपल्या प्रवासवर्णनात तो प्रथम इंग्रजीत आणला, पण आणताना गल्लत केली. एखाद्या व्यक्तीचा रक्षणकर्ता आत्मा आणि साऱ्या कुळाचे चिन्ह या दोन निराळ्या गोष्टी त्याने एकच मानल्या. मोबाइलवरचा खेळ सव्वादोनशे वर्षांनंतरही तीच चूक पुढे चालवीत आहे. ओजिब्वे माणूस आपला प्राणी निवडत नाही आणि तो त्याच्या स्वभावावरूनही ठरत नाही. तो त्याला पित्याकडून मिळतो. अस्वल कुळाच्या मुलाला अस्वल कुळाची मुलगी करता येत नाही, मग ती शंभर कोस दूरच्या गावची का असेना. कारण ती त्याची बहीण लागते.

या चिन्हांचे सामर्थ्य काय होते, हे १८४९ च्या एका अर्जावरून कळते. आधीच्या दोन करारांनी ओजिब्वेंची बरीच भूमी सरकारकडे गेली होती आणि त्यांना पश्चिमेकडे हलवण्याची भाषा सुरू झाली होती. तेव्हा त्यांच्या मुखियांचे एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी भूर्जाच्या सालीवर काढलेली चित्रे राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवली. मुख्य चित्रात सर्वांत पुढे क्रौंच आहे. त्याच्यामागे तीन मार्टेन (मुंगसासारखा दिसणारा एक केसाळ प्राणी), मग अस्वल, मत्स्यमानव आणि मांजरमासा. हे प्राणी म्हणजे अर्जदारांची कुळे. क्रौंचाचा आवाज दूरवर घुमतो, म्हणून ते कूळ बोलण्याचे आणि नेतृत्वाचे मानले जाई. प्रत्येक प्राण्याच्या डोळ्यातून एक रेषा क्रौंचाच्या डोळ्याकडे आणि हृदयातून एक रेषा क्रौंचाच्या हृदयाकडे जाते : आमची दृष्टी एक आहे, आमचे मन एक आहे. क्रौंचाच्या डोळ्यातून निघालेली एक रेषा पुढे राष्ट्राध्यक्षांकडे जाते आणि दुसरी मागे वळून काही लहान तळ्यांना मिळते. त्या तळ्यांत रानभात पिकत असे. तेवढी जागा आमच्याकडे राहू द्या, हे त्यांचे मागणे.

या चित्रात एकही प्राणी पूजेसाठी काढलेला नाही. तो सहीच्या जागी आहे. अक्षर न शिकलेल्या माणसांनी केलेला हा अर्ज आजच्या कोणत्याही निवेदनाइतका स्पष्ट आहे, असे मला वाटते.

अर्जाचा उपयोग लगेच झाला नाही. १८५० साली स्थलांतराचा हुकूम निघाला. वार्षिक रक्कम आणि धान्य नेहमीच्या ठिकाणी न देता दूरच्या सँडी लेक येथे बोलावून देण्याचे ठरले. ते वेळेवर आलेच नाही. उपासमार, रोगराई आणि हिवाळ्यातील परतीची वाट यांत सुमारे ४०० माणसे दगावली. १८५२ मध्ये नव्वदी ओलांडलेले, लून या पाणपक्ष्याच्या कुळातील मुखिया बफेलो पुन्हा वॉशिंग्टनला गेले आणि १८५४ च्या करारान्वये ओजिब्वेंना आपल्याच प्रदेशात कायमच्या वस्त्या मिळाल्या.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा लोकांत सारा समाज कावळा आणि गरुड अशा दोन पक्षांत विभागलेला आहे. मूल आईच्या पक्षाचे आणि विवाह समोरच्या पक्षात. त्यांचे उंच कोरीव स्तंभ पाहून परदेशी लोकांनी त्यांना मूर्ती समजून नावे ठेवली; वस्तुतः ते घराण्यांचे इतिहास आहेत.

आपल्या देशातही हे दूर शोधायला नको. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा या भागांतील उरांव समाजाची गोत्रे पाहा. टोप्पो म्हणजे सुतारपक्षी, मिंज म्हणजे एक मासा, लाक्रा म्हणजे वाघ आणि एक्का म्हणजे कासव. हॉकीच्या मैदानावर बिरेंद्र लाक्रा, नमिता टोप्पो आणि दीप ग्रेस एक्का ही नावे आपण ऐकली आहेत. रुसलेल्या मुलाला मी हेच सांगितले. कासवाच्या नावाने ऑलिंपिक खेळता येते, हे त्याला पटले. अर्थात मैदानात संथ चालून भागणार नाही, हेही त्यानेच मला सांगितले!

महाराष्ट्रात याच वर्गात मोडणारी गोष्ट म्हणजे देवक. लग्नाआधी मांडवात आणायची डहाळी, पान, पीस अथवा वस्तू. कदमांचा कळंब, मोऱ्यांचे मोरपीस ही सर्वांच्या परिचयाची उदाहरणे. ज्यांचे देवक एक त्यांच्यात सोयरीक होत नाही, म्हणजे ओजिब्वेंचाच नियम.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे येतो. ९ मे १९१६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. या गोल्डनवायझरांचा १९१० चा प्रबंध टोटेम या विषयावरच होता. बाबासाहेबांच्या निबंधाचा गाभा असा की, मूळच्या बहिर्विवाही कुळांवर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात निर्माण झाली. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी कुलचिन्ह पुराव्यादाखल वापरले. अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे, असे त्या काळी अनेक विद्वान सांगत. बाबासाहेबांनी नाकाच्या मोजमापांची आकडेवारी तर तपासलीच. शिवाय विचारले की वंश निराळा, तर कुळे एक कशी? मराठ्यांत जी कुळे, तीच महारांत. पंजाबात जाटांची आणि अस्पृश्य शिखांची गोत्रे एकच. कुलचिन्हांच्या अभ्यासाकडे अभ्यासकांनी पुरते दुर्लक्ष केले, ही खंतही त्यांनी तेथे नोंदवली आहे.

ती खंत आज आपल्याला लागू पडते. धम्मदीक्षेनंतर आपण देवक बसवणे सोडले, ते योग्यच झाले. परंतु विधी सोडणे वेगळे आणि माहिती गमावणे वेगळे. माझ्या आजीला आमचे देवक ठाऊक होते. मी तिला ते कधी विचारले नाही आणि आता सांगणारे कोणी उरले नाही. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी आहे, त्यांनी ते विचारून वहीत लिहून ठेवावे. त्यात अंधश्रद्धा नाही. कुळाच्या याद्या नसत्या तर बाबासाहेबांचा तो युक्तिवाद उभाच राहिला नसता.

नागाविषयीही थोडे लिहितो. नाग म्हणजे सर्प नव्हेत, ती माणसे होती, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन. दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगताना त्यांनी बुद्धधम्माचा प्रसार करणाऱ्या नागलोकांचाच उल्लेख केला. नाग हे त्या लोकांचे कुलचिन्ह असावे, असे अनुमान पुष्कळांनी केले आहे. ते अनुमान म्हणूनच वाचावे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी यांचे शिल्प आहे. सहलीला गेलो की मुले आधी फणा मोजतात. मग एखादे मूल थबकते आणि म्हणते, ‘‘सर, हा तर माणूसच आहे.’’