तारे मिळाले, भागाकार राहिला

सहावी-सातवीच्या वर्गात गणिताचा खेळ म्हणून काहीही येणार असेल, तर आधी एक काम करा. सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या पोराच्या शेजारी बसा आणि तो जिंकतो कसा ते बघा. पडद्याकडे नका बघू, त्याच्या बोटाकडे बघा. आमच्याकडे एवढं कुणी केलं असतं तर गावाच्या लोकवर्गणीचे पैसे वाचले असते आणि शेवटी सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं नसतं.

गावाचं नाव सांगत नाही, कंपनीचं तर मुळीच नाही. जिल्हा वाशीम, एवढं पुरे. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि शाळा डिजिटल करायची चढाओढ लागली. २०१८मध्ये आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के वजन. मग काय, वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला आकडा पाहिजे आणि आकड्यासोबत फोटो पाहिजे. वहीत मान घालून भागाकार करणाऱ्या पोरीचा फोटो कोण टाकणार? पडद्यासमोर पंधरा हात वर झालेले असले की ग्रुपवर अंगठे पडतात.

तर सोयाबीन घरात आलं होतं, लोकांच्या हातात दोन पैसे होते, तेव्हा वर्गणी झाली आणि मोठा टच पॅनल आला. सोबत गणिताच्या खेळांचं सॉफ्टवेअर. दाखवायला आलेल्या माणसाने भाषणात परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव चारदा घेतलं. मला तेव्हाच राग आला. रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो तयार डबा विकत घेऊन नाही. त्यांनी आपल्या वर्गातल्या पोरांसाठी स्वतः साहित्य बनवलं आणि पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. हा फरक त्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. मी साधं विचारलं, ‘‘प्रश्न दर वेळी बदलतात का? त्यातले आकडे मला बदलता येतात का?’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, सगळं अ‍ॅडव्हान्स आहे.’’ माझं विचारणं इतिवृत्तात घ्या म्हटलं, तर मोठे सर म्हणाले, ‘‘कशाला उगाच, शुभकार्याच्या वेळी?’’ मी माझ्या टाचण वहीत तारखेसह लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

पहिले दोन महिने उत्सव होता, हे कबूल केलं पाहिजे. गणिताच्या तासाला पोरं धावत यायची. बरोबर उत्तराला हिरवा तारा, घंटीचा आवाज, खाली नाव झळकायचं. तक्त्यात सगळ्यात वर सहावीतला एक पोरगा असायचा. वहीत त्याचा भागाकार मला चांगला माहीत होता, म्हणून मला ते पचेना. एका दुपारी त्याला एकट्याला पॅनलसमोर उभं केलं आणि चार पर्यायांवर कार्डशीटचा तुकडा चिकटपट्टीने लावला. वर फक्त प्रश्न उरला : ७५६ ÷ ७.

तो प्रश्नाकडे बघेचना. कागदाकडे बघत राहिला.

‘‘मॅडम, कागद काढा ना. उत्तर मांगं हाय.’’

म्हटलं, करून सांग.

‘‘काहून करायचं? हा चौथा हाय ना, चौथ्याले उजवीकडचं खालचं. पाचव्याले वरचं. चुकलं त लाल होते, मंग दुसरं दाबायचं. तारा तरी बी भेटते.’’

मग त्याने पंचवीसच्या पंचवीस जागा मला क्रमाने म्हणून दाखवल्या, पाढा म्हणावा तशा. आणि ७५६ ÷ ७ फळ्यावर करायला दिला तर उत्तर लिहिलं १८. मधलं शून्य खाल्लं. पाचात सात जात नाहीत, म्हणून भागाकारात शून्य मांडायचं, ही नेमकी शिकवायची गोष्ट. ती त्या पॅनलने कधी शिकवलीच नव्हती. १८ दाबलं की लाल व्हायचं. का लाल, ते कुणी सांगत नव्हतं. पोरगा मात्र हुशार, हे मी आजही म्हणते. ज्या खेळाचा नियम ‘जागा लक्षात ठेवा’ असाच होता, तो त्याने अचूक ओळखला होता. आम्ही मोठी माणसं त्याला गणित म्हणत होतो.

मी हे केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगितलं. कंपनीच्या प्रशिक्षकाचं उत्तर : ‘‘एंगेजमेंट बघा ना मॅडम, पोरं किती खूश आहेत.’’ एका साहेबांनी मला सगळ्यांसमोर ‘नकारात्मक दृष्टिकोन’ ही पदवी दिली. त्याच परिषदेत आमच्या शाळेचा फोटो यशोगाथा म्हणून दाखवला गेला, आणि त्यात तोच पोरगा पुढे होता. वर्षभराने पडद्यावर ‘परवाना संपला, नूतनीकरण करा’ अशी पट्टी आली. त्या माणसाला फोन लावला तर म्हणे पॅकेज एका वर्षाचंच होतं, बिलावर बारीक अक्षरात लिहिलंय. खरंच लिहिलेलं होतं. पुढे संकलित चाचणीत भागाकाराचे प्रश्न बहुतेकांचे गेले तेव्हा मला बोलावून विचारणा झाली, ‘‘एवढं साहित्य देऊनही?’’ साहित्य देणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

हा आजार एकट्या आमच्या गावचा नाही. ‘प्रथम’च्या २०२३च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला दिलं होतं, निम्म्याहून जास्त मुलांना ते जमलं नाही. म्हणजे आमचा ७५६ ÷ ७च. सहावीत खाल्लेलं शून्य कॉलेजपर्यंत जातं.

आता जे घेणार असतील त्यांच्यासाठी. दाखवायला माणूस आला की त्याच्या मोबाइलचं नेट बंद करायला सांगा आणि मग चालवून दाखवा म्हणा. आपल्याकडे पावसाळ्यात रेंज किती वेळ असते ते त्याला माहीत नसतं. खेळ सुरू असताना त्याने निवडलेलं पोर नको, मागच्या बाकावरचं पोर बसवा. तोच खेळ लगेच दुसऱ्यांदा सुरू करा. तेच आकडे त्याच क्रमाने आले तर चहा पाजून परत पाठवा. चुकीच्या उत्तराला मशीन नुसतं लाल होतं की चूक कुठे झाली ते दाखवतं, हे बघा. मुदत, दुरुस्ती आणि मुदतीनंतर काय उरणार, हे शाळा समितीच्या ठरावाच्या वहीत लिहून घ्या, अध्यक्षांची सही घ्या. ‘कशाला उगाच’ म्हणणारे नंतर तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा गावभर गैरसमज आहे, म्हणून सांगते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर आजही फेट चालतं. कार्ल वीमन या नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. फुकट आहे, तालुक्याला जाऊन एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. संख्यारेषेवर ऋण संख्या सरकवून दाखवायला त्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअरही तसंच. त्रिकोणाचं टोक बोटाने ओढा, तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० वर अडून बसते. पण तिथे थांबू नका. एक पोरगी म्हणाली, ‘‘मॅडम, कंपूटरनं तसं लिहून ठेवलं असन.’’ रास्त शंका! मग प्रत्येकीने कागदाचा वेडावाकडा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडून टोकाला टोक लावून ठेवले, सरळ रेषा झाली. त्यानंतरच तिने मान हलवली.

वजाबाकी घोटवायची असेल तर आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ पुरतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचायलाच पाहिजे. ज्याचं आठव्यालाही येत नाही त्याला हातचा कुठे चुकला ते स्वतःच मागे जाऊन शोधावं लागतं, मला लाल खूण करावी लागत नाही. एरवी पाच वजाबाक्या दिल्या तर तोंडं वाकडी करणारी पोरं मधल्या सुट्टीत वीस-वीस करून येतात. खर्च : खडू.

आणि शक्यता शिकवायला अष्टचंगचा खेळ. चिंचोके घरचे, फोडलेले. चार टाकले की एक पांढरा पडला तर एक, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. सातवीला विचारलं, आठ का पडत नाही? सोळा शक्यता फळ्यावर मांडल्या : दोन पडण्याच्या सहा, आठ पडण्याची एकच. मग ताळ्याच्या खुणा करत शंभर वेळा टाकायला लावलं. आमच्या चिंचोक्यांचे आकडे हिशोबाशी जुळले नाहीत! वर्गात भांडण लागलं, काहींनी चिंचोकेच खोटे ठरवले, एकाने एक बाजू फुगीर असते म्हणून तसं पडतं असं सांगितलं. तो तास मी घंटा झाल्यावरही सोडला नाही, आणि शेजारच्या वर्गातल्या सरांनी गोंधळाची तक्रार केली. करू द्या.

बाकी नेहमीचंच : पालकांशी बोलत राहा, हसत शिकवा, मुलांची तुलना करू नका. हे सगळे सांगतात आणि खरंही आहे. पण बापाच्या हातातली अडत्याची पट्टी वर्गात आणायला सांगा, हे कुणी सांगत नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. माझ्या वर्गातल्या एकीने तोलाई दोनदा कापलेली पकडली. तिचे बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत आले, वर्गणी देताना आले नव्हते ते.

पॅनल भिंतीवर आहे. त्यावर ‘परीक्षा पे चर्चा’ दिसते, पंधरा ऑगस्टचं भाषण दिसतं. अहवाल अजून मागतात, ‘डिजिटल साधनाचा वापर : होय/नाही’. मी ‘होय’ला खूण करते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिते : भागाकारात मधलं शून्य सुटणारे अमुक, हातच्यात चुकणारे तमुक. ‘‘एवढं नका लिहू मॅडम, रकाना लहान आहे,’’ असा फोन येतो. उरलेलं मी पानाच्या मागे लिहिते.