माना डोलावणारी सुरक्षा बैठक

प्रश्न : भोसरीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये दर सोमवारी सुरक्षा बैठक होते. कामगार माना डोलावतात, मशिनवर गेले की पुन्हा तेच. काय करावं? – एक सुपरवायझर

उत्तर : बैठक ऑफिसात नको, प्रेसपाशीच घ्या. शिफ्ट सुरू होताना, पाच-दहा मिनिटं, एकच विषय. नुसतं ‘काळजी घ्या’ म्हणून काही साधत नाही. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक काडी खुपसून अडकवलं, तर मोकळा झालेला हात डायखाली कसा जातो, ते मेन स्विचला कुलूप लावून, फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर दाखवा. मग विचारा, ‘बटण अडकवावं का लागतं?’ आणि ऐकून घ्या. टार्गेटचा ताण, डायमध्ये चिकटणारा जॉब, अशी खरी कारणं तेव्हाच बाहेर येतात. थोडक्यात बचावल्याचं सांगणाऱ्याला मेमो देऊ नका, नाहीतर पुढे कुणी तोंड उघडणार नाही. कंत्राटी कामगारांनाही त्यांच्या भाषेत बोलतं करा. दुरुस्ती कुणी, कधीपर्यंत करायची ते फळ्यावर लिहा आणि पुढच्या बैठकीत आधी त्याचाच हिशेब द्या. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ जरूर घ्या, पण आपण सांगितलेलं दुरुस्त झालेलं दिसलं, तरच माणसं मनापासून सहभागी होतात.