वेणी घालणारे हात दाखव

पुणे, रविवार

चि. बाळ यास,

तू पाठवलेलं त्या सोशल मीडिया एजन्सीचं कोटेशन दोनदा वाचलं. महिन्याला वीस रील आणि तीन महिन्यांत पन्नास हजार फॉलोअर्सची हमी. फॉलोअर्सची हमी देतात याचा अर्थ ते विकत आणणार. पैसे भरू नकोस. मी भरून बसले आहे, म्हणून जीव तोडून सांगते.

पुण्यातून आपल्या कोल्हापुरी चपलांचे जोड विकायला लागले तेव्हा अशाच एकांना मी सहा महिने पैसे दिले. आकडा फुगला, ऑर्डर होती तिथेच राहिली. वर त्यांनी एआयकडून काढून घेतलेलं कापशी चपलेचं चित्र टाकलं. दिसायला देखणं, पण एक कान मोठा, दुसरा छोटा आणि पट्ट्यावर मशीनची शिवण. एका गिऱ्हाइकानं ते बघून जोड मागवला आणि आपला चामड्याच्या वादीनं शिवलेला खरा जोड परत पाठवला. चित्रातल्यासारखा नाही, म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला पैसे परत केले आणि त्या दिवशी ते काम बंद केलं.

सध्या काय चालतं, असं विचारतोस. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील आणले आणि तेव्हापासून सगळा हिशेबच फिरला. पूर्वी आपल्याला फॉलो करणाऱ्यालाच आपलं दिसायचं. आता नाव-गाव न विचारता कुठल्याही अनोळखी माणसापुढे आपला व्हिडिओ जातो. लोक तो किती वेळ बघतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात, यावर तो पुढे सरकतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी हे वारंवार सांगत आले आहेत. एखादी बाई 'असला जोड तुला घेऊ का' म्हणून नवऱ्याला जो व्हिडिओ पाठवते, त्याची किंमत हजार लाइकना नाही.

मग दाखवायचं काय? मागच्या दिवाळीआधी मी कोल्हापूरला आले होते, तेव्हा मागच्या खोलीत आपल्याकडे मजुरीनं काम करणाऱ्या मावशी चपलेची वेणी घालत बसल्या होत्या. दाराचं ऊन त्यांच्या हातांवर आलं होतं. चामड्याच्या ओलवलेल्या बारीक पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि बोटं अशी चाललेली की नजर ठरेना. मी फोन फक्त हातांवर धरला. चाळीस सेकंद. गाणं नाही, मागून बोलणं नाही. पट्टी ओढल्याचा चर्र आवाज आणि बाहेर रिक्षाचा हॉर्न. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा जोडांची मागणी आली. तेव्हा नाचण्या-बिचण्यात पडू नकोस. ट्रेंडिंग गाणंही लावू नकोस. धंद्याच्या खात्यावर सिनेमाचं गाणं परवानगीशिवाय वापरलं तर हक्काचा दावा येऊ शकतो, आणि आपल्याकडे आरीचा आवाज असताना त्याची गरज काय?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं आपल्यासारख्याच चपला मॉडेलच्या पायात घातल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, ते तुझ्या डोळ्यांसमोर घडलं. लोकांनी फोनवरून इतका गदारोळ केला की कंपनीला या कलेचा वारसा भारतातला आहे हे मान्य करावं लागलं. त्या दिवसांत मला शाळेतल्या मैत्रिणींपासून अनोळखी माणसांपर्यंत सगळे विचारत होते, खरी कोल्हापुरी ओळखायची कशी? हा प्रश्न आजही लोकांच्या मनात आहे. त्याचं उत्तर दे. खिळा नसतो हे दाखव, वादी दाखव, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं चामडं कमावतात ते दाखव. एक मात्र जप. २०१९ चं जीआय मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. लाइक मिळतात म्हणून कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरांना नावं ठेवणारी पोस्ट आपल्या खात्यावर मला दिसता कामा नये. तेही आपल्यासारखेच पोटासाठी आरी धरून बसलेत.

किंमत लिही. 'इनबॉक्समध्ये विचारा' या सवयीनं निम्मं गिऱ्हाईक परत जातं. २०२५ च्या जुलैपासून इन्स्टाग्रामवरच्या धंद्याच्या उघड्या खात्यांच्या पोस्ट गुगलवरही सापडू लागल्या आहेत, तेव्हा खाली कविता न लिहिता 'कापशी चप्पल, पुरुषांची, आठ नंबर' असं साधं लिही. लोक तेच शोधतात.

खरी विक्री व्हॉट्सअ‍ॅपवरच होते. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलनं रेघ मारायला सांग आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो मागव. मी हे सुरू केल्यापासून मापासाठी परत येणारे जोड अगदी थोडे उरले. आणि नवा जोड चावतो, आठ दिवस तेल लावून थोडा थोडा वेळ घाला, पावसात अजिबात घालू नका, हे विकण्याआधीच सांग. चार ऑर्डर जातील. जाऊ देत.

इन्फ्लुएन्सरना जोड फुकट द्यायचा असेल तर तो भेट मिळाल्याचं त्यांनी व्हिडिओत स्पष्ट सांगायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं तसे निर्देश काढलेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मला विचारशील तर तोच जोड गावातल्या एखाद्या शिक्षकाला पूर्ण पैसे घेऊन वीक आणि वर्षभरानं त्याच्या पायातल्या त्या जोडाचा फोटो टाक.

शेवटची गोष्ट, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मावशींचा तो व्हिडिओ मी टाकला तेव्हा त्यांचं नाव घातलं नाही. विचारलंही नाही. प्राडावर आपण जो आरोप केला तोच माझ्यावर येतो, हे मला फार उशिरा कळलं. पुढचा व्हिडिओ करशील तेव्हा आधी त्यांना विचार. हो म्हणाल्या तर नाव लिही, आणि त्या व्हिडिओवरून जितके जोड जातील त्यांची मजुरी वाढवून दे. मजुरीबद्दल दादाशी मी बोलते.

तुझी,
आत्या