आधी रागाची तयारी करा

सिगारेट सोडणाऱ्याला सगळे तलफेबद्दल सावध करतात, रागाबद्दल कोणी बोलत नाही. सोडलेला माणूस म्हणून मी सांगेन, तयारी आधी रागाची करा. तलफ उसळते आणि काही मिनिटांत ओसरते. चिडचिड दिवसभर मुक्काम ठोकून राहते आणि घरातल्यांवर निघते. मग घरचेच कंटाळून म्हणतात, "ओढ बाबा एकदाची, पण आम्हाला सुखानं जगू दे." कितीतरी प्रयत्न इथेच बुडतात आणि दोष लागतो इच्छाशक्तीला. हा राग कुठून येतो आणि किती दिवस टिकतो, हे त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की नेहमी ओढणारा अस्वस्थ होतो, पुढची सिगारेट ती अस्वस्थता मिटवते, आणि त्याला वाटतं की साहेबावरचा राग सिगारेटनं शांत केला. सावकारानं कालच्या व्याजासाठी आज नवं कर्ज द्यावं, तशी ही शांती. मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या ग्रंथात तंबाखू सोडल्यानंतरच्या लक्षणांमध्ये पहिलंच नाव चिडचिड, वैताग आणि रागाचं आहे. लक्षणं २४ तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत मावळतात. म्हणून सोडण्याची तारीख ठरवताना घरातलं लग्न किंवा कचेरीतलं ऑडिट त्या आठवड्यात नाही ना, हे पाहा आणि घरी आधीच कल्पना द्या.

यावर कोणी म्हणेल, मी मुळातच तापट, सिगारेटमुळेच जरा ताळ्यावर आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही. मन सावरलेल्यांनाच सोडणं जमलं असेल, ही शंका अशा अभ्यासांबाबत रास्त आहे, आणि मी ती उडवून लावणार नाही. पण सिगारेट मन शांत ठेवत असती, तर ती गेल्यावर काही महिन्यांनीही माणूस जास्त बेचैनच दिसायला हवा होता. तसं दिसत नाही.

दुसरा आक्षेप, राग दाबू नये, मोकळा करावा. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. राग ओकून टाकल्यानं तो कमी होतो याला त्यात आधार मिळाला नाही; धावण्यानं तर तो उलट वाढताना दिसला. उपयोग झाला तो शरीर थंड करणाऱ्या गोष्टींचा: संथ श्वसन, ध्यान, शिथिलीकरण. त्यामुळे पारा चढला की खाली बसा, श्वास हळूहळू सोडा आणि उत्तर अर्ध्या तासानं द्या. निकोटिन उतरतंय ही बायकोमुलांवर हात उगारण्याची सबब मात्र होऊ शकत नाही.

चहाचा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. धुरातल्या काही घटकांमुळे ओढणाऱ्याचं यकृत कॅफीनचा निचरा जास्त वेगानं करतं. सिगारेट सुटली की काही दिवसांत तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात कॅफीन जवळपास दुप्पट साठू शकतं. मग धडधड, हातांची थरथर, उडालेली झोप, आणि याचंही खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं. चार कप घेत असाल तर दोनवर या. टपरीवरच्या चहासोबतची तलफही त्यानं टळेल. क्लोझापाइनसारख्या काही औषधांचंही प्रमाण असंच वाढतं, म्हणून ती घेणाऱ्यांनी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तंबाखू मळणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्यांना चहाचा हा नियम लागू नाही, निकोटिनचा राग मात्र तोच. सिगारेट सोडली म्हणून चिमूटभर तंबाखू दाढेखाली धरणं म्हणजे त्याच चक्रात दुसऱ्या दारानं शिरणं.

निकोटिनचा गम किंवा पॅच ही चिडचिड खरोखर कमी करतो. त्यात कमीपणा मानू नये. गम च्युइंगगमसारखा सतत चघळू नका. जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवा, आणि गम घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी टाळा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळतं. महिना उलटूनही राग किंवा उदासी हटली नाही, तर ती निकोटिनच्या खात्यावर टाकू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, आणि ती भेट होईपर्यंतही सिगारेट हातात घेऊ नका.