ओव्हरलॉक मशीन घ्यायचीय? आधी कामाची वही उघडा

व्हिडिओत मशीन चालवून दाखवली, पण पैशाचा हिशोब घाईत राहून गेला. तो इथे लिहिते.

पहिली गोष्ट. ओव्हरलॉक, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला इंटरलॉक म्हणतात ती, दुसरी मशीन आहे, पहिली नाही. तिला बॉबिन नसते. ती कापडाची कड कापते आणि लगेच दोऱ्याने गुंडाळते, बस. कापडाच्या मधोमध टीप मारणं, चेन लावणं, गोधडीचे धावते टाके, हे सगळं तुमच्या साध्या मशीनवरच होणार.

मी दुकान टाकलं तेव्हा एका विक्रेत्याने पाच दोऱ्यांची इंडस्ट्रियल मशीन माझ्या गळ्यात मारली. तीही कर्ज काढून. बीबीएला ब्रेक-इव्हन शिकलेली मी! माझ्याकडे काम काय यायचं? ब्लाउज, कुर्ते, उशांचे अभ्रे. त्याला एक सुई आणि दोन लूपर, म्हणजे तीन दोरे पुरतात. शेवटी साखळी टाक्याची सुई काढून ठेवली आणि तीनच दोऱ्यांवर काम केलं. हप्ते मात्र पाचही दोऱ्यांचे भरले.

म्हणून आधी महिनाभर वहीत लिहा: किती कपडे बाहेरून इंटरलॉक करून आणले, किती पैसे दिले. समजा आठवड्याला २५ नग, नगाला १५ रुपये. महिन्याचे साधारण १,५०० झाले. मशीन १८,००० ला पडली तर वर्ष लागेल, आणि त्यात दोरा, वीज धरलेली नाही. दोरा ही मशीन भरपूर खाते, तो दरात धरायचा. वहीत महिन्याला चारशेच रुपये निघत असतील तर सध्या बाहेरूनच करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आकडा जमला, तर घरून काम करणाऱ्यांना मी चार दोऱ्यांची घरगुती मशीन सुचवते. दोन सुया असल्या की लेगिंग, टी-शर्टची शिलाई ताणली तरी टिकते. एक सुई काढली की तीच मशीन तीन दोऱ्यांची. डिफरेन्शियल फीड हवंच, नाहीतर होजिअरीची कड लाटांसारखी होते. घरगुती मशीन मिनिटाला साधारण १,३०० ते १,५०० टाके घालते. इंडस्ट्रियल ५,००० च्या पुढे जाते. दिवसभर तेच काम असेल तरच तिच्याकडे बघा.

आता गोधडीवाल्या ताईंसाठी. तुकडे जोडताना चाकूला फक्त सुटलेले धागे छाटू द्या. जास्त कापलं की चौकोन लहान होतात, कोपरे जुळत नाहीत. जिथे दोन शिलाया भेटतात तिथे एकीची कड डावीकडे, दुसरीची उजवीकडे वळवा, नाहीतर गाठोडं होतं. गोधडीची जाड कड थेट आत ढकलू नका. साध्या मशीनवर मोठ्या टाक्याने थर दाबून घ्या, मग ओव्हरलॉक, मग वरून पट्टी. आणि टाचण्या नकोत, क्लिपा लावा. टाचणीवर चाकू गेला की चाकूचीच धार जाते. एकदा घडी खाली सरकली आणि गिऱ्हाइकाच्या कुर्त्याची बाहीच कापली गेली, नवं कापड मी भरून दिलं. तेव्हापासून डावा हात कापडाखाली फिरवल्याशिवाय पायडल दाबत नाही.

दोरा खालच्या लूपरचा तुटला तर आधी सुईतला दोरा काढा, लूपर ओवा, सुई सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की दोरा पुन्हा पुन्हा तुटतो आणि आपण मशीनला नावं ठेवतो.

खरेदीला जाताना घरच्या चिंध्या न्या: एक सुती, एक होजिअरी, एक गोधडीचा कोपरा. दुकानदाराला सगळे दोरे काढायला सांगा आणि स्वतः ओवून चालवा. नाही जमलं तर पुढचा व्हिडिओ ओवण्यावरच आहे, तो बघून मग पुन्हा जा.