जपानी तलवारीला बाक कुठून येतो?



जपानी कार्टून पाहणाऱ्या मुलांना ‘कताना’ हा शब्द चांगलाच ठाऊक असतो. ‘हजार वेळा घडी घातलेलं पोलाद’ असंही ती ठणकावून सांगतात. पाठाची सुरुवात इथूनच करावी, कारण यातली चूक गणिताने सापडते. पोलाद साधारण १० ते १५ वेळाच दुमडतात. दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे १० घड्यांत १,०२४ आणि १५ घड्यांत ३२,७६८! हजारांत असतात ते थर, घड्या नव्हेत. फळ्यावर हे मुलांकडूनच करून घ्या.

पण घड्या घालायच्या कशाला? जपानी लोहार ‘तामाहागाने’ नावाचं पोलाद वापरतात. ‘तातारा’ या मातीच्या भट्टीत लोखंडी वाळू आणि कोळसा तीन दिवस, तीन रात्री घालत राहून ते मिळवतात. त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असतो, मळीही असते. दुमडून घण मारले की मळी बाहेर पडते आणि कार्बन सारखा पसरतो.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे लोहार विळ्याला ‘पाणी देतो’, तसंच इथेही. फक्त त्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. खोलीत अंधार करतात, कारण पातं किती तापलं हे रंगावरून ओळखायचं असतं. मग पाणी. धार झटकन थंड होऊन कडक होते. पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. कडक झालेलं पोलाद थोडं जास्त जागा घेतं, त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. बाकाचा बराचसा भाग असा पाण्यातच येतो! कधी पातं तडकतंही. सगळी मेहनत वाया. कडक आणि चिवट भागांच्या सीमेवर ढगांसारखी जी रेषा उमटते ती ‘हामोन’. ती कोरलेली नसते, हे मुलांना जरूर सांगा. पॉलिश करणारा कारागीर ती फक्त नजरेला आणतो.

१८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक जागी तलवार बाळगायला बंदी केली. अनेक लोहार सुऱ्या नि अवजारं बनवू लागले. १९४५ च्या पराभवानंतर तर तलवारी जप्तच होऊ लागल्या. कलावस्तू म्हणून त्या वाचाव्यात यासाठी जाणकारांनी खटपट केली, आणि १९४८ मध्ये त्यांच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. पण पोलाद देणारी भट्टी विझलेलीच होती. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोला ती पुन्हा पेटली १९७७ मध्ये. युद्धकाळात भट्टी चालवलेले कारागीर तेव्हा म्हातारे झाले होते, पण हयात होते. वाळू कधी टाकायची, ज्वाळेचा रंग कसा वाचायचा, हे त्यांनी उभं राहून दाखवलं. आजही तिथे हिवाळ्यात भट्टी लागते आणि तिथलं पोलाद देशभरच्या तलवारकारांकडे जातं.