आठवणींची वही

मंडळी, आमचे वय आता पंच्याहत्तर आहे. सकाळी उठावे, गुरांना वैरण टाकावी, ओट्यावर बसावे, दुपारी जरा डोळा लागावा, संध्याकाळी देवळाच्या पारावर चार माणसांत बसावे, असे आमचे दिवस जातात. तुमच्यापैकी पुष्कळांचे असेच जात असतील.

लोक म्हणतात, "म्हातारपणी काय करायचं? राम राम म्हणत बसायचं." आम्हालाही तसेच वाटत होते. पण एके दिवशी आमच्या नातीने दोन प्रश्न विचारले. पहिल्याचे उत्तर आम्हाला आले, दुसऱ्याचे आले नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला पुन्हा कामाला लावले.

नातीचे दोन प्रश्न

नात पाचवीत शिकते. एकदा ती म्हणाली, "आबा, 'सोळा आणे खरं' असं का म्हणतात? वीस आणे का नाही?"

आम्हाला हसू आले. या पोरीने आणा कधी पाहिलेला नाही. आम्ही तिला जवळ बसवले आणि सांगितले, "बाळ, पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. एका आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे पैसे झाले चौसष्ट. सोळा आणे म्हणजे पुरा रुपया. म्हणून सोळा आणे खरं म्हणजे पुरं खरं. १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा आला. शंभर नव्या पैशांचा एक रुपया झाला. तरी पंचवीस पैशाला आम्ही पुढंही चार आणेच म्हणायचो. ते नाणंसुद्धा २०११ साली बंद झालं."

पोरगी खूश झाली. आम्हीही खूश झालो. आपल्याला पुष्कळ माहीत आहे, असे वाटले.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "आबा, पणजी जात्यावर दळायची ना? दळताना ती काय गाणं म्हणायची?"

आम्ही तोंड उघडले. पण शब्द येईना. चाल आठवली, जात्याची घरघर आठवली. आईच्या बांगड्यांचा आवाज आठवला. पण ओवीचा एक शब्द आठवला नाही. आम्ही गप्प बसलो. पोरीने थोडी वाट पाहिली आणि ती खेळायला निघून गेली.

जे विचारले नाही

आमचे गाव माण तालुक्यात आहे. पाऊस कमी, जमीन खडकाळ. आमची आई पहाटे उठे. चिमणीच्या उजेडात जात्याशी बसे. सुपात जोंधळा असे. हात फिरे आणि ओवी सुरू होई. आम्ही तिच्या मांडीवर डोके ठेवून पडत असू. पुढे शाळेत जाऊ लागलो. मग त्याच चिमणीजवळ पुस्तक उघडून बसू लागलो.

१९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायची ती मोहीम होती. आमच्या गावात रात्री कंदील लावून वर्ग भरे. आईही गेली. पण दिवसभर रानात राबलेली बाई ती. तिचे डोळे मिटत. चार रात्रींनंतर ती म्हणाली, "आता तूच शिक माझ्या वाटचं."

आम्ही शिकलो. नोकरी केली. हजारो कागद लिहिले. पण आईची एक ओवी लिहून घेतली नाही. तिला विचारले नाही की बाई, हे तुला कुणी शिकवले? हे तू स्वतः जुळवलेस का? आम्हाला वाटे, आई काय, घरातच आहे. कधीही विचारू. पुढे गावात पिठाची गिरणी आली. जाते कोपऱ्यात गेले. काही वर्षांनी आईही गेली.

आमच्याकडे पाटी होती, पेन्सिल होती, वेळही होता. विचारायची बुद्धी मात्र नव्हती.

ज्या मुलाने लिहून घेतले

आता दुसऱ्या एका आईची गोष्ट ऐका. ही गोष्ट सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे.

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव चौधरी हा स्वतः कवी होता. त्याने आणि त्याच्या मावसभावाने आईची काही गाणी कागदावर उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज शाळेतली मुले ती गाणी पाठ करतात.

विचार करा. ती वही नसती तर काय झाले असते? बहिणाबाईंबरोबर गाणीही गेली असती. जेवढी कागदावर आली तेवढी राहिली.

सगळ्याच आया बहिणाबाई नसतात, हे खरे. पण प्रत्येक आईजवळ काही तरी असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती मिळाल्या असतील? एक लाखाहून जास्त! या सगळ्या ओव्या साध्या, कष्टकरी बायकांच्या तोंडच्या आहेत.

आठवण कशी राहते

पारावर आमचे एक मित्र नेहमी म्हणतात, "सकाळी काय खाल्लं ते आठवत न्हाई, पण पन्नास वर्सांपूर्वीची जत्रा आठवती. हे कसं काय?"

याचे कारण समजून घ्या. आठवण ही रानातल्या पाऊलवाटेसारखी असते. ज्या वाटेने माणसे रोज चालतात ती वाट मळते. जुन्या गोष्टी आपण कितीतरी वेळा आठवलेल्या असतात, सांगितलेल्या असतात. म्हणून ती वाट पक्की झालेली असते. सकाळची गोष्ट नवी असते. वय वाढले की नवी गोष्ट मनात ठसायला जास्त वेळ लागतो. तिच्याकडे नीट लक्ष दिले नाही तर ती ठसतच नाही.

काही आठवणी बुजलेल्या असतात. त्यांना जागे करावे लागते. एखादा वास आला, एखादी चाल ऐकली, जुने अवजार हातात घेतले की त्या जाग्या होतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आठवण चुकतेही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेचा मोठा भूकंप झाला. आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली पडली. आम्ही सारे अंगणात पळालो. आम्ही सर्वांना छातीठोक सांगत असू, "त्या रात्री टिपूर चांदणं होतं." थोरले बंधू म्हणत, "काळोख होता." शेवटी तिथीचा हिशेब केला. तेव्हा कळले की त्या पहाटे चंद्र आधीच मावळला होता. बंधूंचे खरे निघाले. म्हणून आपली आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहावी. त्यात कमीपणा नाही.

मात्र एक सांगतो. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे निराळे आणि नेहमीच्या वाटेवर चुकणे, घरच्या माणसाला न ओळखणे निराळे. असे होऊ लागले तर 'म्हातारपण आहे, चालायचंच' असे म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. कधी शरीरात काही जीवनसत्त्व कमी पडते, कधी ऐकू कमी येते, कधी एखादे औषध सोसत नाही. अशा काही कारणांवर उपाय असतो.

साल कसे लावावे

गावात पुष्कळांना आपले जन्मसाल ठाऊक नसते. पण मोठी घटना सर्वांना आठवते. तिला धरून साल काढता येते. काही साले येथे देतो.

१९५७ — नवा पैसा सुरू झाला.
१९६० — १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले.
१९६१ — पानशेतचे धरण फुटले, पुण्यात पूर आला.
१९६७ — कोयनेचा भूकंप झाला.
१९७२ — मोठा दुष्काळ पडला.
१९९३ — किल्लारीचा भूकंप झाला.
२०२० — करोनाची साथ आली.

आता याचा उपयोग पाहा. आमची एक शेजारीण म्हणाली, "माझा थोरला रांगत व्हता, तवा मी दुष्काळी कामावर खडी फोडाया जात व्हते. सुकडी मिळायची, ती त्याला भरवायची." ती दुष्काळी कामे १९७२-७३ ची. तेव्हा आम्हीही खडी फोडली आहे आणि मिलोची लाल भाकरी खाल्ली आहे. रांगणारे मूल आठ-दहा महिन्यांचे असते. म्हणजे थोरल्याचा जन्म १९७२ च्या आसपासचा. बाईला आनंद झाला. एवढी वर्षे जे कोणी सांगितले नव्हते ते तिच्याच आठवणीतून निघाले.

आता शिकून काय करायचे?

असे पुष्कळ जण विचारतात. त्यांना आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे नाव सांगतो. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नाही. लग्नानंतर पतीने त्यांना लिहायला-वाचायला शिकवले. साठी ओलांडल्यावर त्यांच्या आयुष्याच्या आठवणींचे पुस्तक निघू लागले. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. 'स्मृतिचित्रे' असे त्याचे नाव. त्यातली भाषा घरात बोलावे तशी साधी आहे. आज ते मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते.

अलीकडची गोष्ट हवी? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे हे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला त्या सही करायला शिकल्या.

शरीर थकते, पण 'हे काय? हे कसं?' असे विचारणारे मन थकत नाही. त्याला रोज थोडे काम द्यावे लागते इतकेच. आम्ही आता नातीला रोज एक प्रश्न विचारतो. ती आम्हाला रोज एक विचारते. फोनमध्ये माणसाचा आवाज साठवून ठेवता येतो, हे तिनेच आम्हाला शिकवले.

मावशीकडे

आईची धाकटी बहीण फलटणकडे असते. वय सत्त्याऐंशी. एके दिवशी आम्ही एसटीत बसलो आणि तिच्याकडे गेलो. बरोबर एक वही, एक पेन आणि नात.

आम्ही म्हणालो, "मावशी, आईच्या ओव्या सांग."

मावशी म्हणाली, "आरं, इतकी वर्सं कुठं व्हतास? आता गळा न्हाई आन् ध्यानातबी न्हाई. गिरण आली आन् ओवी गेली."

आम्ही खट्टू झालो. तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, जातं कसं फिरवायचं ते तरी दाखव." मावशी हसली. मांडी घालून बसली. समोर जाते नव्हतेच. तिने नुसता हात पुढे केला, खुंटा धरल्यासारखी मूठ मिटली आणि हात गोल फिरवू लागली. एक फेरा झाला, दोन झाले. तिसऱ्या फेऱ्याला तिच्या तोंडून ओवी आली. आईचीच चाल! आमच्या डोळ्यांत पाणी आले. नातीने फोन पुढे धरला आणि आम्ही लिहू लागलो.

अडीच तासांत तीन ओव्या मिळाल्या. दोन पुऱ्या. तिसरीची शेवटची ओळ मावशीला आठवेना. तिने पुन्हा हात फिरवून पाहिला, डोळे मिटून पाहिले. मग म्हणाली, "ती ओळ तुझ्या आईला येत व्हती. मी नुसती मागनं सूर धरायची."

ती ओळ आम्ही वहीत कोरी सोडली आहे. नात विचारते, "आबा, इथं काय लिहायचं?" आम्ही सांगतो, "ते आता कुणालाच ठाऊक नाही."

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तुमच्या घरात अजून कोणी म्हातारे माणूस असेल तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. तुम्हीच घरात सर्वांत म्हातारे असाल तर स्वतःची वही उघडा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.

हे करून पाहा

१. घरातल्या सर्वांत वडील माणसाला एक प्रश्न विचारा. त्याचे उत्तर पाच ओळींत लिहा.
२. वर दिलेल्या सालांपैकी एखाद्या घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता, काय करत होता, ते लिहा. तुमचा जन्म त्यानंतरचा असेल तर आईवडिलांना विचारा.
३. तुमच्या लग्नाचे किंवा जन्माचे साल ठाऊक नसेल तर अशा घटनेच्या आधाराने काढून पाहा.
४. तुम्हाला येत असलेली एक ओवी, म्हण किंवा उखाणा वहीत लिहा. ती कुणाकडून शिकलात त्याचे नावही लिहा.

शब्दांचे अर्थ

चिमणी — रॉकेलचा लहान दिवा.
ताडून पाहणे — दोन गोष्टी जुळतात का ते बघणे.
छातीठोक — अगदी खात्रीने.
खट्टू होणे — मनातून नाराज होणे.